मोठ्या टीव्हीच्या खोक्यावर चित्राचा दर्जाही छापला जावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून पंचावन्न इंची टीव्ही घेणाऱ्यांत नोकरदार आणि शेतकरी कुटुंबांची संख्या वाढलेली मी माझ्या कामात रोज पाहतो. मिरजेत गेली सव्वीस वर्षे मी टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय करतो. पूर्वी टीव्ही बंद पडला म्हणून बोलावणे येई. आता टीव्ही नवा आहे, चालू आहे, पण चित्र दुकानात होते तसे दिसत नाही, म्हणून येते. अशा घरी जाऊन तपासणी केली, की बहुतेक वेळा सेटमध्ये कोणताही बिघाड नसतो. ग्राहकाला पैसे मोजण्यापूर्वी जे कळायला हवे होते, ते कोणी सांगितलेले नसते आणि कुठे छापलेलेही नसते. याच गोष्टीकडे आपल्या दैनिकाच्या माध्यमातून ग्राहकांचे, विक्रेत्यांचे आणि शासनाचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका घराचे उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळा प्रश्न आला आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या एका घरून बोलावणे आले. मुलाने हौसेने पंचावन्न इंची टीव्ही आणला होता. पंढरपूरच्या शासकीय महापूजेचे थेट प्रक्षेपण मध्यरात्रीनंतर असते. नातवंडे त्याच खोलीत झोपलेली असल्यामुळे दिवा मालवून आजी पूजा पाहत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "जुन्या टीव्हीत माझा विठोबा काळा दिसायचा. यात राख फासल्यासारखा दिसतो, आणि आडवा पसरलेला दिसतो." मी त्याच पूजेची चित्रफीत लावून, खिडकीवर चादर टाकून पाहिले. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. गाभाऱ्यातला काळोख धुरकट करडा दिसत होता, तुळशीहारामागचे सावळे अंग त्याच करड्या रंगात मिसळले होते आणि मूर्ती रुंदीला ताणली गेली होती.

सेटच्या मागे हात घातला तर सेट-टॉप बॉक्स लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांच्या जुन्या वायरने जोडलेला होता. बॉक्स एचडी होता, महिन्याचे पैसेही एचडी वाहिन्यांचे भरले जात होते; पण त्या पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. जुना टीव्ही काढून नवा लावताना बसवणाऱ्याने तीच वायर नव्या सेटला खोचली होती. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार जुन्या चौकोनी टीव्हीचा, म्हणजे ४:३ राहिला होता, म्हणून मूर्ती फाकलेली दिसत होती. एचडीएमआय केबल लावली, आकार १६:९ केला आणि टीव्हीचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणला. वीस मिनिटांत चित्र सुधारले, चेहऱ्यांचे रंग माणसासारखे झाले. पण काळा रंग पूर्ण काळा झाला नाही, आणि तो होणारही नव्हता, कारण तो त्या पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा, स्वभाव आहे. मुलाने मला विचारले, "हे खोक्यावर कुठे लिहिले होते?" मी खोके शोधून काढायला लावले, चारही बाजू वाचल्या. कुठेही लिहिले नव्हते.

आज बाजारात मिळणारा 'एलईडी टीव्ही' हा मुळात एलसीडी टीव्हीच असतो. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या सतत जळत असतात आणि पुढचा द्रव-स्फटिकांचा थर त्या प्रकाशाला कुठे वाट देतो, कुठे अडवतो. हा थर प्रकाश पूर्णपणे अडवू शकत नाही, त्यामुळे काळ्या जागेतूनही थोडा उजेड झिरपतो. किती झिरपतो, ते पॅनेलच्या जातीवर ठरते. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढरा आणि काळा यांच्या प्रकाशाचे प्रमाण साधारण हजारास एक असते. व्हीए जातीत ते तीन ते पाच हजारास एक असू शकते. पडद्याचे तेज निट या एककात मोजतात. पडद्याचा पांढरा रंग तीनशे निट्स तेजाचा धरला, तर पहिल्या जातीचा काळा रंग ०.३ निट राहतो आणि दुसरीचा, चार हजारास एक धरून, ०.०७५ निट. दुकानाच्या लखलखाटात हा फरक कोणालाही दिसणार नाही. रात्री दिवा मालवलेल्या खोलीत मात्र तो लहान मुलालाही दिसतो. आजींच्या जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूब होती. तिच्या काळ्या भागावर इलेक्ट्रॉनचा झोत जवळजवळ पडतच नसे, म्हणून अंधाऱ्या खोलीत तिचा काळा रंग काळाच दिसत असे. त्यांच्या डोळ्यांची तक्रार शास्त्राला धरून होती.

याचा अर्थ आयपीएस पॅनेल वाईट, असा मी काढत नाही. ते बाजूने पाहिले तरी रंग फारसे उतरत नाहीत. आपल्याकडे दिवाणावर दोघे, जाजमावर चौघे आणि स्वयंपाकघराच्या दारातून एक जण, असा टीव्ही पाहिला जातो. तेथे हा मोठाच गुण आहे. व्हीए पॅनेल समोरून गडद आणि देखणे, पण कडेला बसलेल्याला फिकट दिसते. ज्या घरात रात्री दिवे मालवून सिनेमे पाहिले जातात तेथे मी व्हीए सुचवतो, आणि ज्या घरात दिवसभर सगळीकडून पाहिले जाते तेथे आयपीएस. निवड ज्याने त्याने आपल्या घरानुसार करायची आहे, परंतु पॅनेलची जात सांगितलीच गेली नाही तर तो निवड करणार कशाच्या आधारावर? एकाच मॉडेलच्या दोन आकारांत, क्वचित एकाच आकाराच्या दोन खेपांतही, वेगळ्या जातीची पॅनेले मी स्वतः उघडून पाहिली आहेत.

नावांचा गोंधळ याच्या भरीला आहे. 'क्यूएलईडी' हा ओएलईडीचा भाऊ असावा असे नावावरून वाटते, पण तसे नाही. तोही मागून प्रकाश टाकणारा एलसीडीच असतो. त्या प्रकाशाच्या वाटेवर क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर बसवलेला असतो आणि त्यामुळे लाल-हिरवा रंग अधिक शुद्ध मिळतो. या कणांच्या शोधासाठी २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले, इतके ते संशोधन मोलाचे आहे. पण त्याने काळा रंग सुधारत नाही. 'मिनी एलईडी'मध्ये मागचे दिवे अगदी लहान आणि संख्येने पुष्कळ असतात आणि ते गटागटाने मंद करता येतात, म्हणून तेथे काळा रंग खरोखर सुधारतो. असे गट किती आहेत, शंभर की हजार, यावर सगळे अवलंबून असते, आणि नेमका तोच आकडा स्वस्त सेटच्या खोक्यावर सापडत नाही. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा तो काळाच. मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी चालू असणाऱ्या घराला मी ओएलईडी सुचवत नाही. वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी महिनोन्महिने एकाच जागी राहिली, तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत '4के' छापतात, ते आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. साध्या एसडी वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. भागाकार करून पाहावा: बरोबर वीस. वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस ठिपके भरावे लागतात, आणि त्यांपैकी एकोणीस तो अंदाजाने भरतो. मी ज्या घरांत जातो तेथे मराठी बातम्या आणि जुन्या मालिका बहुधा एसडीतच पाहिल्या जातात. बत्तीस इंची पडद्यावर तो धूसरपणा खपून जात होता, पंचावन्न इंचांवर तो उघडा पडतो, आणि ग्राहकाला वाटते की जुनाच टीव्ही बरा होता. त्याने मोठा टीव्ही घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण टीव्हीबरोबर वाहिन्यांचा पॅक, बॉक्स आणि केबल हेही बदलावे लागेल, हे त्याला बिल फाडण्यापूर्वी कळले पाहिजे. ओटीटीवरही स्वस्त योजनेत 4के चित्र सहसा मिळत नाही.

अंतराचेही थोडे गणित आहे. निकोप डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. त्या हिशेबाने पंचावन्न इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सात-सव्वासात फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. बारा फुटांवरच्या सोफ्यावरून 4के आणि फुल एचडी यांतला फरक शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. तेवढ्या अंतरावरून डोळ्याला जाणवतात ते काळ्याची खोली, पांढऱ्याचे तेज, रंगांचा खरेपणा आणि हालचालीतला सफाईदारपणा. चित्राचा दर्जा ठरवणाऱ्या या चार गोष्टींपैकी एकही जाहिरातीत खऱ्या आकड्याने दिलेली नसते.

तेजाचा आकडा नसल्यामुळे होणारी फसगत 'एचडीआर' या शब्दाभोवती सर्वाधिक आहे. एचडीआर चित्रात सूर्य, निरांजनाची ज्योत, पाण्यावरची तिरीप अशा जागा इतर चित्रापेक्षा कितीतरी पट उजळ दाखवायच्या असतात; अशी चित्रे सहसा हजार निट्स तेज गृहीत धरून तयार केली जातात. अडीचशे-तीनशे निट्सचा टीव्ही हा संकेत स्वीकारतो, वाचतो, कोपऱ्यात 'एचडीआर' अशी पाटीही दाखवतो. पण तेवढा प्रकाश त्याच्याजवळ नसल्यामुळे पुष्कळदा सगळे चित्रच अंधारे करून टाकतो. सिनेमा काळोखा दिसतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांना मला सांगावे लागले आहे, की तुमचा सेट बिघडलेला नाही, त्याची कुवतच तेवढी आहे. 'एचडीआर चालते' आणि 'एचडीआर दिसते' ही दोन वाक्ये वेगळी आहेत आणि खोक्यावर फक्त पहिले छापलेले असते.

हालचालीच्या बाबतीत खोक्यावर आकडा असतो, पण तो फसवा. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. साठ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र दाखवणाऱ्या, पडद्यावर चोवीसने साठला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवावे लागते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित अडखळते. एकशे वीस हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवले की काम भागते. म्हणून खरा एकशे वीसचा पडदा मोलाचा. परंतु साठ हर्ट्झच्या पडद्यालाच 'मोशन', 'रेट' असे काही नाव जोडून एकशे वीसचा आकडा छापण्याची पद्धत पडली आहे. दोन चित्रांच्या मध्ये टीव्हीने स्वतः रचलेले चित्र घुसवणारी सोय कारखान्यातूनच चालू करून पाठवतात. तिने सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो आणि क्रिकेटच्या वेगवान चेंडूच्या कडा कधी कधी फाटतात. चित्रपट दिग्दर्शकांनीच याविरुद्ध आवाज उठवल्यावर २०१९ मध्ये ही सोय बंद ठेवणारा 'फिल्ममेकर मोड' पुढे आला. ज्यांच्या टीव्हीत तो आहे त्यांनी रात्री सिनेमा पाहताना तो लावून पाहावा. नसेल तर 'सिनेमा' मोड लावून शार्पनेस बराच खाली आणावा. शार्पनेसने तपशील वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ ओढली जाते.

दुकानातल्या 'डेमो' मोडविषयी मला तळमळीने लिहायचे आहे, कारण त्याची किंमत ग्राहक दोनदा मोजतो. दुकानात प्रकाश जास्त असतो, शेजारी वीस टीव्ही असतात, म्हणून प्रत्येक सेटचा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, शंभर टक्क्यांवर आणि रंग भडक ठेवलेले असतात. पडद्यावर पोपट, फुले आणि रात्रीची शहरे यांच्या खास बनवलेल्या चित्रफिती फिरत असतात. ग्राहक ते पाहून निवड करतो. ही पहिली किंमत. मग तोच मोड घरीही तसाच राहतो आणि पट्ट्यांमधील एलईडी सतत पूर्ण विद्युतप्रवाहावर तापत राहतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या मोठ्या सेटमध्ये गेलेल्या पट्ट्यांचे प्रमाण मोठे आहे. आवाज येतो, चित्र येत नाही. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारला की आत पुसट चित्र हलताना दिसते, म्हणजे मेनबोर्ड शाबूत आहे आणि मागचा दिवा विझला आहे, हे कळते. कधी एलईडीवरचे प्लॅस्टिकचे भिंग उष्णतेने सुटून पडते आणि पडद्यावर पांढरे गोल डाग उमटतात. पट्ट्या बदलायच्या तर पॅनेल उचलून बाजूला ठेवावे लागते. पंचावन्न इंची पॅनेल काचेच्या पातळ तक्त्यासारखे असते. दोघांनी चारही कोपरे सांभाळून उचलले तरी छातीत धडधड होते, कारण ते तडकले तर दुरुस्ती नव्या सेटच्या किमतीजवळ जाते. बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणला, तर घरातल्या उजेडात चित्र काहीही कमी दिसत नाही आणि पट्ट्यांचे आयुष्य वाढते. नवा टीव्ही सुरू करताना 'स्टोअर' की 'होम' असे पडद्यावर विचारले जाते, तेव्हा 'होम' दाबावे, एवढे जरी बसवणाऱ्याने पाळले तरी पुढचा खर्च लांबतो.

आता मागणीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. टीव्हीच्या पडद्याचे माप सेंटिमीटरमध्ये छापले जाते, पंचावन्न इंच म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर, हे वजनमापांच्या कायद्यामुळेच घडले. विजेच्या वापरासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे आपण फ्रिजवर आणि एसीवर पाहतो, आणि आता साधा ग्राहकही दुकानात आधी तारे मोजतो. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून टीव्हीच्या लेबलवर साध्या चित्रासाठी आणि एचडीआर चित्रासाठी लागणारी वीज वेगवेगळी छापावी लागते. मग आपल्याकडे पॅनेलची जात, पांढऱ्या रंगाचे निट्समधील तेज, काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण, पडद्याचा खरा हर्ट्झ आणि बॅकलाइटच्या गटांची संख्या, एवढे पाच आकडे आणि शब्द ठरावीक जागी, ठरावीक अक्षरांत, मराठीसह छापण्याचे बंधन का असू नये? हे मोजण्याची उपकरणे कारखान्यांत आहेतच. आकडे त्यांना माहीत असतात. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हाती घ्यावा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने साठ हर्ट्झच्या पडद्यावर एकशे वीस छापण्याची दखल घ्यावी, अशी माझी विनंती आहे. फसवणूक झाल्याची खात्री असलेल्या ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि तोपर्यंत खोके व माहितीपत्रक टाकू नये. तक्रारीच्या वेळी छापील शब्दच उपयोगी पडतो. आपल्या दैनिकानेही टीव्हीच्या जाहिराती स्वीकारताना ही पाच मापे मागावीत, असे सुचवण्याचे धाडस करतो.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर आमच्या भागातील विक्रेत्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की काउंटरवर एक साधा सेट-टॉप बॉक्स जोडून ठेवा. ग्राहकाने पसंत केलेला सेट 'होम' मोडवर घ्या, त्यावर तो रोज पाहतो ती बातम्यांची वाहिनी लावा आणि रिमोट त्याच्या हातात द्या. शक्य असेल तर दुकानाच्या आतल्या खोलीत दिवा मालवून काळे चित्र दाखवा, आणि घरातली वडीलधारी माणसे बरोबर आली असतील तर त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवून विचारा. त्या मळ्यातल्या मुलाने आता टीव्हीमागच्या भिंतीवर एक मंद पिवळा दिवा लावला आहे. मागे थोडा उजेड असला की पडद्यावरचा करडा रंग डोळ्याला बराच गडद वाटतो. कार्तिकीला आजींनी दर्शन त्याच दिव्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितले, की विठोबा पुष्कळसा सावळा दिसला.

आपला विश्वासू,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, मिरज